शेवटच्या गाण्यानंतरचा श्वास

धाकट्या,

तुमच्या बँडची रेकॉर्ड पहिल्यांदा आली, तेव्हा माझ्या दुकानातून गेलेल्या बहुतेक प्रती परत आल्या. "शेवटी कुणीतरी धापा टाकतंय, माल खराब आहे," म्हणत गिऱ्हाईकं माझ्यावरच डाफरायची. तू मात्र खो-खो हसलास. "ताई, तो मीच. ड्रम बडवून जीव गेला होता माझा!"

तू वारलास आणि मग लोकांनी तीच रेकॉर्ड डोक्यावर घेतली. आता शेवटचं गाणं संपलं की दुकानातली पोरं एकमेकांना गप्प करतात आणि तुझा श्वास ऐकत उभी राहतात. मी मध्येच सुई उचलते. पोरं वैतागतात, "काकू, पूर्ण ऐकू द्या ना!"

कसं ऐकू देऊ? पुढे तो थांबतो रे.

तुझी,
ताई