हेमिश अंकलची पायरी

तोआ पायोह, सिंगापूर, रविवार

प्रिय इरा,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून दचकू नकोस, आई बरी आहे, मीही. फोनवर आपण इंग्रजीत बोलतो, आणि इंग्रजीत मला फक्त रिपोर्ट लिहिता येतात. म्हणून हे मराठीत. सावकाश वाच.

हेमिश अंकल जाऊन महिना झाला. इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांच्या आयुष्यावर आणि कामावर एक पान माझ्याकडे मागितलं. त्यांच्या हाताखाली सतरा वर्षं काढलेला इथे मीच उरलो आहे. एका वाक्यापाशी आठ दिवस अडलो. ते वाचल्यावर तुझ्या मनातला पपा तसाच राहील का, याची भीती होती. अजून आहे.

सुरुवात सोपी होती. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, वडील जाळी दुरुस्त करणारे. अ‍ॅबरडीनच्या धक्क्यांवर दहा वर्षं, मग १९८४ साली इथे, भुयारी रेल्वेवर. रोज सकाळी सातला बोगद्यात उतरून सांध्यांवरून तळहात फिरवायचे. ओल हाताला आधी कळते, म्हणायचे. चौदा एप्रिलला आपल्या कार्यक्रमाला निळा टाय लावून हजर, आणि आईचा तिखट रस्सा घाम पुसत दोनदा घ्यायचे. हे सगळं पानात मावलं नाही.

अडलो ते २००० सालापाशी. ती गोष्ट तुला पाठ आहे. स्टेशनसाठी खोल खणत होतो. शेजारची जुनी दुकानं खचतात का, हे रोज मोजायचं, आणि मोजायला एक न हलणारी खूण लागते. खूण घेतली गेली एका इमारतीच्या पायरीवर. ती पायरी दुकानांबरोबरच खाली जात होती, त्यामुळे सहा आठवडे आकडे सांगत राहिले की सगळं ठीक आहे. मग एका शिंप्याच्या दुकानाची भिंत तडकली. इजा कुणाला झाली नाही, पण अकरा कुटुंबांना घरं सोडावी लागली. खूण आपणच निवडली, असं हेमिश अंकलनी चौकशीत सांगितलं. त्यांच्याकडून ते काम काढून घेतलं. पुढची नऊ वर्षं त्यांनी बुकित पंजांगकडे गटारं बांधली. चांगली बांधली.

तू सात वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर त्या पायरीवरून त्यांना चिडवायचीस, अंकल, यू सो ब्लर लाह, किती वेंधळे! ते पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

इरा, ती खूण मी निवडली होती. नियम असा की लांबच्या दोन पक्क्या खुणांशी ती ताडून पाहायची. त्या खुणा हमरस्त्यापलीकडे होत्या. मी गेलो नाही, आणि वहीत ‘ताडली’ असं लिहिलं. भिंत तडकली त्या दिवशी त्यांना सांगितलं. त्यांनी माझी वही मिटली. मग विचारलं, प्रेमलाला कितवा महिना? सातवा, म्हटलं. माझा इथे राहण्याचा पास त्या नोकरीवर होता. नोकरी गेली असती तर महिन्याभरात देश सोडावा लागला असता, आणि तुझा जन्म कुठे झाला असता कुणास ठाऊक. ते म्हणाले, मला फक्त हलवतील प्रकाश, तुला घालवतील. घरी जा.

मी घरी गेलो. नंतर दोनदा खरं सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळा त्यांनी दटावलं, गप्प बस, पोरीची गंमत का घालवतोस.

काल ते वाक्य लिहून पान पाठवलं. पुढच्या महिन्यात छापून येईल. पण हे पत्र फक्त त्यासाठी नाही. त्यांची धाकटी बहीण जीन अजून त्याच गावात राहते. भावाने चूक केली, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं आहे. हे तिला छापील कागदावरून कळू नये. माझं अठरा तारखेचं तिकीट काढलं आहे. तुझ्या ग्लासगोहून तिच्या गावाला गाडीने पाच तास लागतात म्हणे. एकटा जाईन, त्या विचाराची सवय करून घेतली आहे. तरी विचारतो. तू येशील सोबत?

तुझाच,
पपा