उरलेली चाळीस कडवी

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. हिच्या रोजच्या पोथीची सिमेट्री सिद्ध करायची. एक्क्याऐंशी कडवी, एक्केचाळिसावं बरोब्बर मध्ये. पहिल्यात दिवा, शेवटच्यात दिवा. दुसऱ्यात नदी, ऐंशीव्यात पाऊस, म्हणजे पाणीच. मधोमध आरसा ठेवल्यासारखं. तेहेतीस वर्षं गणित शिकवलं ते काही उगाच नाही. मार्चपर्यंत पेपर तयार.

१५ जानेवारी
हिला आता वाचवत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. रोज दोन कडवी वाचून दाखवा म्हणाली. चांगलंच झालं, माझंही काम होतं. मी मधूनमधून पेन्सिलीने खुणा करतो, तर म्हणते, मध्ये थांबू नका हो.

१८ जानेवारी
सतराव्याची पासष्टाव्याशी जोडी जमेना. इकडे बैल, तिकडे होडी. दोन तास डोकं खाजवलं. दोन्ही ओझं वाहतात! जमली.
तेवढ्यात औषधाची वेळ टळली. नर्सबाईंनी चारचौघांत सुनावलं. चारचौघं म्हणजे मी आणि ही. मनावर घेतलं नाही.

४ फेब्रुवारी
आज मोठा शोध. एक्केचाळीस संपलं, आता पुढचं वाचायची गरजच नाही. मागचंच उलट्या क्रमानं येतं. हिला नीट समजावलं.
ही म्हणाली, मला साठावं ऐकायचंय, तुमच्या तोंडून. म्हटलं, अगं साठ म्हणजे बावीस, ते आपलं केव्हाच झालं. तक्ता दाखवला. दोन्हीकडे दार. ही भिंतीकडे वळली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी
वाचन बंद. रोजची वीस मिनिटं वाचली.

११ फेब्रुवारी
लेक आली आहे. म्हणते, बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, आईजवळ बसून राहा. तिला म्हटलं, बसतोच आहे, तक्त्याच्या झेरॉक्स तेवढ्या काढून आणतो. दहा मिनिटांचं काम.

१२ फेब्रुवारी
काल सव्वाअकराला ही गेली. दुकानात रांग होती. चार प्रती काढल्या.

२६ फेब्रुवारी, दुपार
लेक आवराआवर करून गेली. जाताना म्हणाली, बाबा, आईनं शेवटी विचारलं होतं, हे आले का.
हिच्या उशीखालची पोथी टेबलावर ठेवून गेली आहे. एका पानाचा कोपरा दुमडलेला. साठावं. तक्त्यासाठी मी त्यातला 'दार' एवढाच शब्द उचलला होता. आज सबंध वाचलं.
बाविसाव्यात एक जण दार उघडून घरी येतो. साठाव्यात एक बाई निघाली आहे. म्हणते, दारापर्यंत सोबत ये, पुढे मी एकटी जाईन.
जोडी जमत नाही. खोडून टाकली. मग बाकीच्याही तपासल्या. बैल आणि होडीचीही जमत नाही. मला ते तेव्हाच माहीत होतं.
खुर्ची हिच्या पलंगाजवळ ओढली. गादी गुंडाळून ठेवली आहे. बेचाळिसाव्यापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. पेन्सिल हातात नव्हती. मध्ये थांबलो नाही.