तिसावा भाग चंद्राचा

अम्मान, ४ मार्च १९८६

ती. बाबांना,
नुहाचा सा. न. वि. वि.

पहिल्या चार भागांच्या टेपा पोचल्या. खोक्यात तुमचं पत्र असेल असं वाटलं होतं. टेपांच्या मध्ये कोंबलेला तुमचा एक मोजा निघाला. टेपा आदळू नयेत म्हणून घातला असेल तर फोम वापरा. हे पत्र रिकाम्या खोक्यातूनच परत पाठवते. फोनवर बोलले असते, पण फोन बैठकीत आहे आणि आई बैठकीतून हलत नाही.

चित्र स्वच्छ आहे. तिसऱ्या भागात लाल रंग वाहतो, तेवढं तुमच्या तंत्रज्ञाला सांगा. वडिलांची मालिका मुलीने तपासावी का, असा प्रश्न रुश्दीसाहेबांनी काढला होता. मी म्हटलं, यंत्राला नातं कळत नाही. ते आता तुमच्या खोलीत बसतात. खुर्ची तेवढी बदलून घेतली. अठरा वर्षं टेलिव्हिजनचा कार्यक्रमप्रमुख राहिलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी राजीनामा देऊन अजमानच्या वाळूत मालिका काढायला का जातो, हे कॅन्टीनमध्ये सगळे एकमेकांना समजावून सांगत असतात. मला कोणी विचारत नाही. बरं आहे.

आई ठीक आहे. तुमच्याबद्दल ती हल्ली भूतकाळात बोलते. काल शेजारच्या उम्म इलियासना सांगत होती की अबू नुहाला भेंडी फार आवडायची.

लोभ आहेच, तो तपासून पाहू नये.
आपली
नुहा


अजमान, १५ मार्च

चि. नुहा हिस,
अनेक आ.

अगं बाबा, त्या मोज्यासाठी मी दोन दिवस खोली उलथीपालथी करत होतो. पुढच्या खोक्यातून त्याचा जोडीदार पाठवतो, निदान दोघं एकत्र तरी राहतील.

इथे मालिकेतली आमची बस म्हणजे अर्धी बस आहे. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला मी. खालून दोन सुतार फळ्या हलवतात आणि आमचा अबू सख्र ड्रायव्हर चाक धरून घाटातून चालल्यासारखा घामाघूम होतो. घाम खरा असतो, कारण आवाज टिपताना पंखे बंद ठेवावे लागतात. काल नायिकेने मला बजावलं की उस्ताद, तुम्ही एका जागी बसलात तर मला माझी वाक्यं आठवतील. मी बसलो. तिला आठवली. मग मलाच बसवेना. अम्मानला खुर्चीत असताना वाटायचं, बाहेर पडलो की पायातली ही भिंगरी थांबेल. ती माझ्याआधी विमानात चढून बसली होती.

आता नीट वाच आणि आईला सांगू नकोस. रजयांखालचा तो पत्र्याचा डबा मी बरोबर आणलाय. सहासष्ट साली अम्मान ते जेरुसलेमच्या बसमध्ये बसून मी जी फिल्म घेतली होती, ती. जाण्याचा प्रवास घेऊन झाला होता, परतीचा पुढच्या उन्हाळ्यात घेणार होतो. त्याच उन्हाळ्यात लढाई झाली, जेरुसलेम हातचं गेलं आणि रस्ताच बंद झाला. मग आपलं टेलिव्हिजन निघालं, मला खुर्ची मिळाली आणि डबा कपाटात गेला. त्यातली अकरा मिनिटं अजून चांगली आहेत. तिसाव्या भागात म्हातारा अबू सख्र डोळे मिटतो आणि तो रस्ता दिसतो. फळ्यांचा नव्हे, खरा. बाकीचे एकोणतीस भाग मी त्या अकरा मिनिटांसाठी काढतोय हे निर्मात्याला कळलं तर तो मला समुद्रात बुडवील.

आईला माझा सलाम सांग. घेतला नाही तर स्वयंपाकघरात ठेवून ये.
तुझा
बाबा


अम्मान, २२ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तिसावा भाग तुम्ही इतर भागांच्या आधीच पुरा केलात, तो मिळाला. दोनदा पाहिला. फिल्मवर ओरखडे आहेत, ते राहू द्यावेत. सॉल्टच्या उतारावर चित्र हलतं, पण बसही हलतेच आहे. पुढे जेरिकोची संत्र्यांची दुकानं दिसतात. त्याआधी एक चौकड्यांचा कोट घातलेली मुलगी थेट कॅमेऱ्यात बघते. तांत्रिकदृष्ट्या ही चूक आहे. ती मुलगी आई आहे. चूक ठेवायची का ते कळवा.

दुसरा मुद्दा. रमजानची मालिका घेऊन नवा दिग्दर्शक तुमच्या खोलीत आला की तो बसायच्या आत तुम्ही त्याला सांगायचात, गोष्ट एकोणतीस भागांत संपवा, तिसावा भाग चंद्राचा. चंद्र एकोणतिसाव्या दिवशीच दिसला तर रमजान तिथेच संपतो, दुसऱ्या दिवशी ईद, आणि ईदच्या रात्री लोकांना हसायचं असतं. तुमच्या या नियमापायी किती मालिकांमधली लग्नं लागायची राहिली, हे तुम्ही आम्हाला हसत सांगायचात. रुश्दीसाहेबांनी तो नियम टंकून भिंतीवर लावलाय. ईदच्या रात्रीसाठी कैरोचं एक विनोदी नाटक घेऊन ठेवलंय.

मग तुम्हीच शेवट तिसाव्यात का ठेवलात? ती अकरा मिनिटं मी अठ्ठाविसाव्या भागात हलवू शकते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. होकार कळवा.

आपली
नुहा


अजमान, ३० एप्रिल

चि. नुहास,
आ.

आमच्या इंजिनिअरीणबाईंनी चूक पकडली, धन्य झालो. कॅमेऱ्यात बघू नकोस असं तुझ्या आईला मी तीनदा सांगितलं होतं. नटी ठेवायला पैसे नव्हते, म्हणून बायकोलाच बसमध्ये बसवलं. तिने पाहिलंच. तेव्हा मी भर बसमध्ये ओरडलो, आणि जेरिकोपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. ती चूक राहू दे. हात लावशील तर याद राख.

अठ्ठाविसाव्यात काही हलवायचं नाही. अठ्ठाविसाव्यात सासू-सुनेचं भांडण आहे, तिथे जेरुसलेम कुठे घुसवतेस? चंद्राचं मी बघून घेईन. मला काय नियम शिकवतेस, तो नियम केला कोणी?

इथे उकाडा वाढलाय. झोप लागत नाही, म्हणून सकाळी समुद्रापर्यंत चालत जातो आणि तिथे पोचलो की परत फिरावंसं वाटतं.

तुझा
बाबा


अम्मान, २५ मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

निम्मा रमजान झाला. मालिका लागली की आमच्या रस्त्यावर सगळ्या खिडक्यांतून अबू सख्रचाच खोकला ऐकू येतो. कोपऱ्यावरचा कतायेफ तळणारा मिठाईवाला परवा मला म्हणाला, बापाला सांग, त्या सुनेला एक थोबाडीत दे, कतायेफ फुकट खा. मी म्हटलं, तुमचा निरोप पोचवते. पोचवला.

आई मालिका बघत नाही. इफ्तार झाला की टेलिव्हिजनकडे पाठ करून मसूर निवडत बसते. एवढे मसूर आपल्या घरात कधीच लागले नाहीत. मात्र काल नायिकेचं एक वाक्य चुकलं, तेव्हा पाठमोरीच म्हणाली की जेरिकोत असं कोणी बोलत नाही.

आता मला जे दिसतं ते लिहिते. मी चुकत असेन तर दुरुस्त करा. तो नियम तुम्हाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे. चंद्र लवकर दिसला तर अकरा मिनिटं डब्यात राहतील आणि ती कोणी नाकारली असं होणार नाही. कोणाला आवडली नाहीत, असंही होणार नाही. आईने ती पाहून काही म्हटलं नाही, असं व्हायचीही भीती नाही.

हलवू का? अजून वेळ आहे.
आपली
नुहा


अजमान, १ जून

चि. नुहा,

हलवायचं नाही. तिसावा भाग तिसाव्या दिवशीच. हा हुकूम समज. बापाच्या मनात काय आहे हे तुमच्या यंत्रात कधीपासून दिसायला लागलं?

(वरचं काल लिहिलं. आज वाचून फाडणार होतो, पण खोकं निघतंय.) इथे काम संपलं. सुतारांनी बस मोडून फळ्या नेल्या. निर्माता आणखी दोन मालिका देतो म्हणतो, मी हो म्हटलं, मग नको म्हटलं, मग उद्या सांगतो म्हटलं. घरी यायला विमान आहे. पण घरी येऊन काय दाखवू? अर्धा रस्ता?

अठ्ठाविसाव्याचा अजून विचार करता येईल का? नको. राहू दे. हुकूम तोच.

आईने पुन्हा काही म्हटलं का?
बाबा


अम्मान, १० जून

ती. बाबांना,
ईद मुबारक, आणि सा. न. वि. वि.

तुमच्याकडे अम्मानचं टेलिव्हिजन दिसत नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या नमाजनंतर बातमी आली: चंद्र दिसला, उद्या ईद. मी टेपच्या यंत्रापाशी होते. मालिकेची वेळ व्हायची होती, टेप एकोणतिसावी चढवलेली. रुश्दीसाहेब धावतच आले. म्हणाले, एकोणतिसावी लाव आणि खाली पाटी दे की मालिका समाप्त. मी विचारलं, समाप्त कुठे होते? ते म्हणाले, मला काय विचारतेस, एकोणतिसाव्यात काय आहे? मी सांगितलं: दोन माणसं कॉफी पितात, एक बकरी हरवते, ती सापडते. अबू सख्र त्यात नाही. बघणाऱ्याचं काही चुकणार नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. तिसावी लावावी.

त्यांनी वर भिंतीकडे बोट केलं, कारण नियम तिथे आहे. तिसावा भाग चंद्राचा, हे तुझ्याच बापाने, वासिफने, मला पाठ करायला लावलंय, म्हणाले. मी म्हटलं, चंद्राला एक भाग द्यायचा, तो दिला. एकोणतिसावा दिला. कोणत्या टेपवर त्याचा हक्क आहे हे नियमात लिहिलेलं नाही. मग ते म्हणाले की वासिफने नियम सगळे मला शिकवले आणि पळवाटा सगळ्या पोरीला. आणि म्हणाले, लाव.

तुमचा हुकूम मी मोडलेला नाही. तिसावा भाग तिसाव्या दिवशीच, असा तो होता. तिसावा दिवस आलाच नाही, त्यामुळे हुकूम लागू होत नाही.

पहिल्या मिनिटाला रंग ठीक होता. नंतरचं मी तपासलं नाही, नुसतं बघितलं. खुर्चीत बसलेले रुश्दीसाहेब उठून उभे राहिले, ते शेवटपर्यंत उभेच. मग केंद्राचा फोन वाजायला लागला. संत्र्यांच्या दुकानांपैकी हिरव्या दाराचं आमचं, असं एक म्हातारा सांगत होता. फिल्म काळी-पांढरी आहे. मी त्याला तसं म्हटलं नाही. एकोणतिसाव्या भागाबद्दल कोणीही विचारलं नाही.

घरी काय झालं ते उम्म इलियासनी सांगितलं. त्या दोघी ईदची बिस्किटं भरत होत्या, आई नेहमीसारखी पाठमोरी. उम्म इलियास ओरडल्या, समीहा, अगं बघ, ही कोण! आई उठून वळली. हातात खजुराचा गोळा तसाच. कोट माझ्या बहिणीचा होता, एवढंच म्हणाली. अबू सख्रने डोळे उघडले, नावं वर सरकली, ती अजून उभीच. मग तिने विचारलं की परतीचं कुठे आहे.

तिला पत्र लिहा असं मी सांगितलं नाही. तिने स्वतःच कागद मागितला. तो सोबत आहे.

माझ्याकडून काही चूक झाली असल्यास कळवावं. लोभ पूर्वीइतकाच.
नुहा


अम्मान, त्याच दिवशी

अबू नुहा यांस,
समीहाचा सलाम.

डबा कपाटातून गेला हे मला तुम्ही गेलात त्याच दिवशी कळलं होतं. रजया मी दरवर्षी उन्हात घालते, तुम्ही नाही. मला वाटलं, विकायला नेला. म्हणून रागावले. आता दुसऱ्या कारणासाठी रागावले आहे: वीस वर्षं मी त्या डब्यात होते आणि मला कोणी सांगितलं नाही.

तुमची बस गेलेली दिसली. परतीची राहिली म्हणून रडू नका. नदीवरच्या पुलाच्या पलीकडचं आपल्या हातात नाही, पण पुलापासून सॉल्टचा चढ आणि पुढे आपल्या अम्मानपर्यंतचा रस्ता अजून आहे तिथेच आहे. तेवढा तरी घ्या. बसमध्ये बसायला नटी शोधत बसू नका. कोट बहिणीकडून मी मागवला आहे. आता तो मला होणार नाही, खांद्यावर टाकीन.

बिस्किटं सोबत आहेत. खोकं परत पाठवू नका, स्वतः घेऊन या. पण एक आधीच ठरलेलं बरं: या वेळी कॅमेऱ्यात बघायचं की नाही?

समीहा