आत्याच्या देखत

आई, तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातही फारशी बोललेले नाही. आज लिहून बोलते आहे, कारण विद्यापीठात ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही, तो प्रश्न मला पहिल्यांदा तुझ्या स्वयंपाकघरात भेटला होता. मी अजून शाळेत जात नव्हते. तू भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसून पाढे म्हणते आहे. शेजारच्या काकू येऊन तुझ्यापाशी रडतात, आणि त्या गेल्यावर मी सगळं गल्लीत सांगून येते. तू मारलं नाहीस. भाकरी उलटत एवढंच म्हणालीस, "जिची गोष्ट हाय, तिला इचारल्याबिगर बोलायचं न्हाय." संमती हा शब्द मला नंतर पुस्तकांत भेटला. आता त्यावरच माझं संशोधन चालतं. माणसाच्या रक्तातून, जनुकांतून जे कळतं ते कुणाला सांगावं, सरकारनं त्याचे नियम कसे करावेत, हे मी लिहिते.

कबनूर गावात आम्ही विद्यापीठातर्फे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी करत होतो. त्याचा दोष एकट्या माणसाच्या रक्तात असला तर त्याला काही होत नाही; आईबाप दोघांतही असला तरच मूल आजारी जन्मण्याची भीती. एका मुलीत तो सापडला. निकाल ऐकायला ती आत्याबरोबर आली, कारण लग्नाची पोर तिथं दवाखान्यात एकटी येत नाही. त्या आत्याच्याच मुलाशी तिचं लग्न ठरलेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. नियमाप्रमाणे मी विचारलं, यांच्यासमोर सांगू का? तिनं आत्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. मी सगळं समजावून सांगितलं.

लग्न मोडलं. मुलाचंही रक्त तपासा, त्याच्यात दोष नसेल तर काहीच अडचण नाही, हे सांगायला मी आत्याच्या दारात गेले. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "या पावणं. अजून कुणाचं मोडायचं ऱ्हायलंय?" पोराच्या रक्ताला तिनं हात लावू दिला नाही. मग मुलीच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी इचारलंसा की. पर आत्तीसमोर न्हाय कसं म्हणू?"

विद्यापीठाच्या नीतिसमितीनं सगळं तपासून माझी चूक नाही असं ठरवलं. मी शिफारशीत लिहिलं, निकाल एकटीलाच सांगावा. आरोग्य खात्याचे अधिकारी म्हणाले, मग पोरींना कुणी पाठवणारच नाही. त्यांचं बरोबर आहे, आणि मला दुसरं काही सुचत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, यावर चांगला शोधनिबंध होईल. होईलही. त्या मुलीला आता स्थळं येत नाहीत, आणि निबंधात ती 'एक सहभागी' असेल. हे काम सोडावं असं रोज वाटतं. सोडलं तरी तिचं काय बदलणार, हेही रोजच वाटतं.

आई, हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतं आहे. बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली आहे. दारोदार जाऊन मी लोकांना तपासणी करून घ्या म्हणून सांगत आले. माझं स्वतःचं रक्त मात्र मी अजून तपासून घेतलेलं नाही.