खालच्या खोलीची मंजुरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा वाकायला लागला हे वाचून बरं वाटलं. आता तिला उठबस जरा बेतानं करायला सांग, ऐकायची नाही ते माहीत आहे.

आमच्याकडची बातमी मी दोन आठवडे दाबून ठेवली होती. खालच्या खोलीचा अर्ज नगरपालिकेनं फेटाळला. कसला अर्ज, म्हणशील. नोव्हेंबरात केला होता. तुला मुद्दामच सांगितलं नाही. तीस वर्षं बांधकाम परवानगीच्या खात्यात काढलेला भाऊ, पहिल्याच ओळीला तांबडी शाई फिरवली असतीस. वाटलं, मंजुरी हातात पडली की ऐटीत कळवीन.

यांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौदा महिने झाले. उजवा पाय ओढत खोलीतल्या खोलीत चालतात, पण जिन्याच्या सोळा पायऱ्या काही उतरवत नाहीत. न्हाणीघर वर, झोपायचं वर. सत्तावीस वर्षं बस चालवलेला माणूस चौदा महिने एका मजल्यावर आहे. जीभ अडखळते म्हणून बोलणंही जवळजवळ सोडलंय. मागच्या अंगणात एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर, एवढंच मागितलं होतं.

नकाराचं कारण एका ओळीचं आहे: शेजारच्या घराच्या उजेडास बाधा, आणि नकाशातील माहिती अपुरी. नकाशाची प्रत सोबत पाठवते. रागवायचं तेवढं रागावून घे, पण काय करायचं ते सांग.

दोघं जपून राहा, आणि रागापेक्षा माया बोटभर जास्त असू दे.

तुझी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

रागावलो. पुरते दोन दिवस. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की आता नकाशा उघडणार आहात की आणखी एक फेरी व्हायची आहे.

नकाशा उघडला. तुझ्या प्लॅनवाल्यानं शेजारची भिंत कोरी दाखवली आहे. त्या भिंतीत मोठी खिडकी आहे, मी स्वतः पाहिली आहे. घड्याळवाल्या बाईंचं दुरुस्तीचं टेबल त्या खिडकीलाच लागून आहे ना? खिडकी त्यानं मुद्दाम गाळली की आळसानं, त्याचं त्याला ठाऊक. पण पाहणीला आलेल्या माणसाला नकाशात नसलेली खिडकी दिसली, की तो पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता.

आता नवा अर्ज करायचा, पण त्याआधी शेजारणीकडे जा. खोलीबद्दल तिला तुझ्या तोंडून कळू दे, दारावर लागलेल्या नोटिशीतून नको. मग टेप घेऊन खिडकी, भिंत, हद्दीपासूनचं अंतर सगळं मोज. कच्चा आराखडा घेऊन अर्जाआधीच खात्यात जा आणि यात काय अडेल ते सरळ विचार. अशी भेट मिळते हे लोकांना माहीतच नसतं. डॉक्टरांचा दाखला आणि जिन्याचे फोटो जोड. आणि एक पानभर पत्र लिही: खोली कशासाठी हवी, दुसरीकडे का होत नाही. त्यात रडगाणं नको. पायऱ्या किती, जिना किती रुंद, तेवढं लिही. ते वाचणाऱ्याला पुरतं.

भावोजींना नमस्कार सांग. पुढचा कागद टाकण्याआधी या तांबड्या शाईवाल्याची आठवण ठेव.

तुझा,
भाऊ

ता. ११ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

घड्याळवाल्या बाईंकडे गेले. दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. हरकत त्यांनीच घेतली होती. म्हणाल्या, वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आणि तुमच्या खोलीची बातमी मला सरकारी कागदानं द्यावी? मी उंबऱ्यावर उभी. खरंच होतं. चुकलं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं आणि सकाळी दहापासून टेबलाशी बसवलं. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बघायला लावले. अकरा ते दोन उजेड थेट टेबलावर येतो, कठीण कामं सगळी तेव्हाच. दिवा लावून काम केलं तर धातूवर चकाकी येते आणि चूक होते. आमची पहिली खोली बांधली असती तर बाईंचा धंदाच बसला असता. मला हे वीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

तर आता खोली हद्दीपासून चार फूट मागे घेतली आणि छप्पर त्यांच्या बाजूला उतरतं केलं. नकाशा काढणारी नवी मुलगी हुशार आहे. खात्यातल्या अधिकारी बाईही नीट बोलल्या. उतरतं छप्पर चालेल, दार मात्र तीन फुटांचं हवं, म्हणाल्या.

पण चार फूट गेल्यावर यांच्यासाठी आणलेली चाकाची खुर्ची वळेना. मी वरच्या खोलीत जमिनीवर खडूनं नकाशाच काढला आणि खुर्ची फिरवून बघत बसले. हे पलंगावरून पाहत होते. एकदम काठी पुढे करून दार खोडायला लावलं आणि कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला काढायला लावलं. तिथून खुर्ची एका दमात आत! बस वळवलेल्या माणसाला मी वळण शिकवत होते. कितीतरी महिन्यांनी हे हसले.

पुढच्या आठवड्यात अर्ज टाकतेय. तुझा लोभ आहेच, जरा धीरही पाठव.

तुझी,
ताई

ता. १२ एप्रिल

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

अर्ज गेला, हरकतीची मुदत कोरी गेली, मंगळवारी पाहणीही झाली. अधिकारी बाई दहा दिवसांत निर्णय कळवू म्हणाल्या. इथवर सगळं छान होतं.

गुरुवारी हे पडले. मी दुकानात गेले असताना एकटेच जिना उतरायला निघाले. तिसऱ्या पायरीवर तोल गेला. कपाळाला चार टाके पडले, हाड वाचलं. समोरच्या पाववाल्यानं आणि पोस्टमननं उचलून वर नेलं. कशाला उतरत होतात विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी घड्याळवाल्या बाई विचारपूस करायला आल्या. जाताना दारात म्हणाल्या, की त्यांनी खिडकी स्वतः मोजली. नकाशात तिची खालची कड नऊ इंच वर दाखवली आहे. म्हणजे आमची भिंत त्यांचा वीतभर उजेड जास्त अडवणार. मी हरकत घेणार नाही, यांची अवस्था बघितली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, एवढं बोलून गेल्या.

मी परत मोजलं. बाईंचं बरोबर आहे. टेप मीच धरली होती, चूक माझी. दुरुस्त नकाशा दिला तर मुदत पहिल्यापासून मोजतात, म्हणजे आणखी सहा आठवडे. न दिला तर कुणाला कळणारही नाही. काय करू?

तुझी,
ताई

ता. १५ एप्रिल

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

काही करू नकोस. गप्प राहा.

हे माझ्या हातून लिहिलं जातंय याचं मलाच नवल वाटतं. पण त्या खात्यात मी बसलो आहे. मंजुरीनंतर नऊ इंच कुणी मोजायला येत नाही. बाई स्वतः हरकत नाही म्हणतात. सहा आठवड्यांत भावोजी पुन्हा जिन्याकडे गेले तर? मला रात्रंदिवस त्या तिसऱ्या पायरीखेरीज काही सुचत नाही. आधी त्यांना खाली आण. नियम मी आयुष्यभर पाळले, त्यातला एक तुझ्यासाठी सोडतो.

उलट टपाली भावोजींची प्रकृती कळव.

तुझा,
भाऊ

ता. १६ एप्रिल

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, रागावू नकोस. आज सकाळी दुरुस्त नकाशा देऊन आले. भिंत नऊ इंच खाली घेतली. त्या बाजूला पलंगच येणार आहे, उंची तिथे लागत नाही.

यांना सगळं सांगितलं. सहा आठवडे जास्त लागतील तेही. मग तुटक शब्दांत म्हणाले, की बाईंना आधी सांगून ये. मी गेले. बाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलंच नाही, पण दुसरी खुर्ची ओढून दिली.

जिन्याच्या तोंडाशी फळी ठोकून घेतली आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

ता. ३ जून

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

मंजुरीची प्रत मिळाली. तीन वेळा वाचली. एकही शेरा नाही, फक्त दोन नेहमीच्या अटी. इतका स्वच्छ अर्ज माझ्या टेबलावर फार क्वचित आला असेल.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली हे बरं झालं. माझं आधी पोचलं असतं तर तू ऐकलं असतंस का, हे हिनं मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तूही देऊ नकोस.

पाया खणायला घेतला की कळव. मी येतो, टेप मी धरीन.

तुझा,
भाऊ

ता. २२ सप्टेंबर

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

तू परत गेलास आणि चारच दिवसांत रंग वाळला. रविवारी पाववाल्यानं आणि त्याच्या भावानं यांना खुर्चीसकट खाली आणलं. आल्या आल्या न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. मी दाराशी घिरट्या घालत होते. आतून नुसता पाण्याचा आवाज.

काल सकाळी चहा घेऊन गेले तर खोली रिकामी. दार उघडं, खुर्ची नाही. कप तिथेच ठेवला. फाटकाबाहेर धावले, रस्त्यावर वर-खाली पाहिलं. शेवटी घड्याळवाल्या बाईंच्या दाराशी खुर्चीचं चाक दिसलं. हे त्यांच्या टेबलाशेजारी बसले होते. बाई कामात, हे बघण्यात. टेबलभर ऊन होतं.

चला, चहा गार होतोय, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. अगदी स्पष्ट, न अडखळता म्हणाले, की तू हो पुढे, मी येतो.

मी पुढे झाले.

वहिनीला आशीर्वाद. सवड काढून दोघं या, आणि असाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई