काळी निशाणे रंगवणाऱ्या नुसैरचे मृत्युपत्र

अल्लाह एक आहे आणि मुहम्मद त्याचे पैगंबर, ही साक्ष आधी. मी नुसैर बिन माहान, रंगारी, राहणार मर्व, अंगात ताप असला तरी डोके शाबूत असताना, कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहवून ठेवतो.

घर आणि बाग यांतले हिस्से धर्माने ठरलेले आहेत. बायको माहदुख्त व दोन्ही मुलांनी ते भांडण न करता घ्यावेत. माझ्या मर्जीने देण्यासाठी हाती उरतो एक तृतीयांश. त्यातून दुकान, तिन्ही रांजण आणि निळीचा साठा माझी पुतणी रैता हिला द्यावा. मुलगे कुरकुर करतील, म्हणून कारण सांगतो.

उमय्या खलिफांच्या राज्यात, त्यांच्याविरुद्ध बंडासाठी माणसे जमवणारा शबीब चोरून दुकानी यायचा. बंडाच्या निशाणांसाठी त्याला काळे कापड हवे होते. निष्ठेची शपथ कुणाच्या नावाने घ्यायची, असे माझा धाकटा भाऊ हय्यान याने विचारले. शबीब म्हणाला, "नाव विचारायचं नाही रे. पैगंबरांच्या घराण्यातला, सर्वांना मान्य असेल तो. बस."

हय्यानने मनात पैगंबरांचे जावई अली यांचा वंशज धरला. त्या घोषणेवर तो लढला. निशाणे रंगवून मी कोपरापर्यंत काळा झालो. जिंकल्यावर गादीवर बसले पैगंबरांचे चुलते अब्बास यांचे वंशज.

शुक्रवारी मशिदीत हय्यान उभा राहिला. "सर्वांना मान्य म्हणालात. आम्हाला विचारलं कुणी?"

शबीब तेव्हा पहारेकऱ्यांचा नायक झाला होता. त्याने हय्यानला तिथूनच उचलले. मी त्याच्या दारी गेलो.

"शबीब, तुझीच घोषणा बोलला तो."

"ती माणसं जमवायला होती, नुसैर. माणसं जमली. आता तुझं सांग, तूही भावाच्याच मताचा का?"

मी नाही म्हणालो. चार दिवसांनी हय्यानचे प्रेत मिळाले. त्याची मुलगी रैता तेव्हा सहा वर्षांची होती. मी काय म्हणालो होतो, हे तिला आजवर ठाऊक नाही. हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा. त्यानंतरही तिने दुकान घेतले, तर ते तिचेच.

माझ्या जनाज्याला शबीबने उभे राहू नये. आल्यास मुलांनी त्याला सर्वांदेखत परत पाठवावे.

साक्षीदार पहिले: झियाद बिन रुस्तम, विणकर.

साक्षीदार दुसरे: उत्बा बिन सालिम, मशिदीत बांग देणारे. शबीबचे नाव गाळा, माझ्या घरी लेकरे आहेत, असे ते म्हणाले. मी नाव गाळले नाही. तरी त्यांनी लेखणी मागून घेतली. सही वाकडी आली आहे. ती त्यांचीच आहे.

मर्व, रजब महिना, हिजरी १४६.