मध्यमावर घर

बाई,

परवा तुमच्या खोलीत गायले. खोली तशीच आहे. कापड दुकानाच्या वर, जिना तितकाच अरुंद. खालून कोऱ्या कापडाचा वास येतो आणि खिडकीतून मिरचीचा. गावाबाहेर पथारींवर मिरच्या वाळत पडल्या आहेत आणि सगळं नंदुरबार खोकतं आहे. तुम्ही ती खिडकी कधी लावू दिली नाहीत. मी रनाळ्याहून एसटीने यायची. पहिल्याच आलापात ठसका लागायचा आणि तुम्ही तानपुरा न थांबवता म्हणायच्या, "खोकी ले. सा कोठे जास नही." शाळेत तुम्ही आम्हाला पुस्तकातल्या मराठीत शिकवायच्या. या खोलीत मात्र घरची बोली. खोकून झालं की सा खरंच तिथेच असायचा.

वर्ग संपवायची तुमची एक रीत होती. शेवटी गाणाऱ्या मुलीने सा द्यायचा, मग सगळ्यांनी तो उचलायचा, एक श्वास पुरेल तितका, आणि मगच उठायचं. घाईत कुणी चप्पल शोधायला लागली तर तुम्ही तिला परत बसवायच्या. भीमपलास राग शिकवत होतात तो दिवस मला आठवतो. तुम्ही पोळ्या करून आला होतात, बाहीला पीठ होतं. मला त्यातला म, म्हणजे मध्यम, फार आवडायचा. त्यावर आले की मी हलायचीच नाही. तुम्ही तारांवरून हात काढलात. खोली एकदम रिकामी झाली. "मध्यमवर थांब," तुम्ही म्हणालात, "पन तठे घर नको बांधू." बाकीच्या मुली हसल्या. मी सावर आले. तुम्ही पुन्हा तार छेडलीत आणि तो विषय तिथेच संपला, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

पुण्याला मी शास्त्रीयच शिकायला गेले. तोवर तुम्ही गेला होतात. एका छोट्या मैफलीनंतर पियानो वाजवणारा एक जण भेटायला आला आणि म्हणाला, आमच्याबरोबर जॅझ गाऊन बघा. पियानो, उभा बास, ड्रम. त्यांच्या गाण्यात खालचे सूर थोड्या थोड्या वेळाने जागा बदलतात आणि गाणारीने त्यांच्याबरोबर सरकायचं असतं. पहिल्या तालमीत मी डोळे मिटून माझ्या सावर परतले. छान परतले. पियानो थांबला. "मॅडम, आम्ही तिथून निघालो," तो म्हणाला. मागून बासवाला म्हणाला, "यांची एसटी चुकली." सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन रडले. मग मी सा सोडायला शिकले. त्याला वेळ लागला. एक दिवस खालचे सूर सरकले, मीही सरकले आणि कुठेच पडले नाही. तो आनंद मी तुम्हाला कसा सांगू, कळत नाही. तुम्ही असतात तर सांगितलाच नसता.

आता थोडं नाव होतं आहे. दोन्हीकडे गाते म्हणून लोक कौतुक करतात. पण शास्त्रीय मैफलींचे आयोजक फोनवर आधी विचारतात, सध्या आपलं गाणं गाता ना? आणि जॅझवाले म्हणतात, मधे थोडा आलाप टाका. टाका म्हणतात, कोथिंबीर टाकावी तसं. त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते सकाळच्या रियाजाचं. तानपुरा चालू असतो, आलाप होतो, मी समाधानाने थांबते, आणि काही वेळाने लक्षात येतं की सावर आलेच नाही. बेसूर झालेलं नसतं. दुसऱ्याच सुरावर मला घरी आल्यासारखं वाटलेलं असतं. अशा वेळी मी उठून चहा करते.

अशात भाभींचा फोन आला. आपल्या त्याच भाभी, दुकानवाल्यांची सून, तुमची सगळ्यांत जुनी शिष्या. तुमच्यामागे वर्ग त्यांनीच चालवला. "बाईंच्या पुण्यतिथीला ये," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, तुझ्या त्या ड्रमवाल्याला आणू नको. आपल्या जिन्यातून ड्रम वर यायचा नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझी बोटं आता दुखतात गं. बाईंचा तानपुरा तू घेऊन जा. पण आधी त्याच्यावर गा. तुझा सा घरी आहे का, ते मला ऐकू दे." तुमच्यानंतर तुमच्या तानपुऱ्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. तो दुसऱ्या कुणाकडे जावा, हे मला सहन झालं नसतं.

परवाची दुपार आहे. खोली भरली आहे. नव्या मुली आहेत, त्यांच्या आया आहेत. मी तारांखालचा जव्हारीचा दोरा सरकवून त्या बोलत्या करते. दोरा त्याच रिळातला, जे तुम्ही खालच्या दुकानातून आणून माझ्या हातात ठेवलं होतं. भाभी तानपुऱ्याला बसतात. मी भीमपलास घेते. गाणं चांगलं होतं, बाई. खोटं सांगत नाही. शेवटी मी मध्यमावर येते. आता उतरायचं, सा द्यायचा, मग मुली तो उचलतील. मुली वाट बघत आहेत. एकीने तर श्वास भरून तोंड उघडलं आहे. मी मध्यमावरच आहे. भाभी माझ्याकडे बघतात. मग त्या स्वतःच सा देतात, मुली तो घेतात, आणि त्या सगळ्यांच्या सावर माझा एकटीचा मध्यम उभा राहतो. त्या खोलीत गळ्यांतून दोन सूर एकत्र कधी निघाले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. मग श्वास संपला आणि सगळ्या उठल्या.

नंतर जिन्यात भाभींनी मला गाठलं. तानपुऱ्याला त्यांनी दुकानातल्या जाड सुती कापडाची नवी गवसणी शिवली होती. गवसणीतला तानपुरा माझ्या हातात देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही.

"शेवटी ठसका आला का गं?"

मी हो म्हटलं.

"वाटलंच मला. मिरचीचे दिवस. बाई काय म्हणायच्या?"

"खोकी ले."

"आनि?"

"सा कोठे जास नही."

त्या हसल्या आणि त्यांनी हात काढला.

तानपुरा इथे पुण्यात कोपऱ्यात उभा आहे. मी अजून गवसणी काढलेली नाही. हा कागद तिच्यात घालून ठेवावा, असं आधी वाटलं होतं. पण भाभी पुढच्या महिन्यात इथे लेकीकडे येणार आहेत. येतील तेव्हा तारा बघायला त्याच पहिल्यांदा गवसणी काढतील. म्हणून नको.

ठसका आला नव्हता, बाई.